शर्विलची सोडवणूक

आमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि त्याने पाण्याचा ग्लास उचलला, की बाबाजीभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. घोट घशाखाली उतरला की विचारायचे, कसं आहे पाणी? पाहुणा गोंधळायचा. पाण्याला कसं असणार? मग माझा नवरा इसहाक सांगायचा, की हे पाणी यांनी केलेलं आहे.

आणि ते खरंच होतं. बाबाजी भिंगारदिवे म्हणजे आमचे यान्बूचे शेजारी, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये ऑपरेटर. नगर जिल्ह्यातल्या ज्या गावाहून ते आले, तिथे उन्हाळ्यात टँकर आला की लग्नातली जेवणं अर्धी टाकून माणसं हंडे घेऊन पळायची. तिथला हा माणूस इथे वाळवंटाच्या काठावर उभा राहून दिवसाला अख्खं गाव पिईल एवढं पाणी समुद्रातून काढतो, याचं त्यांना स्वतःलाच इतक्या वर्षांत नवल वाटायचं थांबलं नव्हतं. स्वभावाने गरीब. कोणी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्हींना मान डोलवणार. मीटिंगमध्ये सुपरवायझर आणि फोरमन भांडले, तर दोघेही नंतर म्हणायचे, बाबाजी आपल्या बाजूचा आहे.

भिंगारदिवे ख्रिस्ती. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या बैठकीच्या खोलीत चार-सहा माणसं प्रार्थनेला जमत. पडदे ओढलेले, गाणी हळू आवाजात. इथे चर्च नसतं. घराच्या आत कोण काय म्हणतो त्यात सहसा कोणी पडत नाही, फक्त ते दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांची सगळी गाणी मला पाठ आहेत. मी हलिमा, आम्ही श्रीवर्धनकडचे. इसहाकचं इथे नळ, व्हॉल्व्ह आणि पाइपांचं दुकान आहे.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी बाबाजीभाऊ आणि ममताला मूल नव्हतं. दोघांनी आशा सोडली आणि ममताला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिची आई व्हिजिट व्हिजावर अलिबागहून आली. जेद्दाच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, कशाला आलात? बाईंनी हाताने पाळणा हलवून दाखवला. त्यालाही नुकतीच नात झाली होती. त्याने मोबाइल काढून फोटो दाखवले, मागे रांग खोळंबली, आणि बाईंनी प्रत्येक फोटोवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

त्यांचं नाव सिप्पोरा. आम्ही सिपूमावशी म्हणू लागलो. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे भाजी निवडत बसल्या असताना म्हणाल्या, "आमच्या मशिदीतला हज्जान आता म्हातारा झालाय गो बाय, आवाज फाटतो त्याचा." मी निवडायची थांबले. ख्रिस्ती बाईची मशीद कुठली? मग त्यांनी सांगितलं, की नवरा मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता, तो ख्रिस्ती, पोरगीही त्याच्याच वळणावर गेली. पण त्या स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, माहेरच्या झिराडकर. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांच्या प्रार्थनाघराला जुनी माणसं मशीदच म्हणतात. हज्जान म्हणजे तिथली प्रार्थना चालवणारा.

हे ऐकून मला माझी आजी आठवली. ती शनवार तेल्यांकडून तेल घ्यायची. शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून त्यांना ते नाव. मी तसं म्हटलं तर मावशींना भरून आलं. त्यांच्या आजोबांचा घाणा होता. तेल्याची नात अखेर तेलाच्या गावात आली म्हणून आम्ही दोघी हसलो, आणि त्या दिवसापासून त्या आमच्याच झाल्या. शुक्रवारी सूर्य मावळताना, शनिवारचा पवित्र दिवस लागतो म्हणून, त्या खिडकीपाशी दोन वाती लावत आणि मनुका भिजवून केलेल्या सरबताचा पेला पुढे ठेवत. त्याच खोलीत दुपारी जावयाची गाणी झालेली असत. बाबाजीभाऊ खुर्च्या जागेवर लावून द्यायचे.

बाळ आडवं होतं. डॉक्टरांनी शेवटी पोट उघडून काढलं. मुलगा झाला. नाव शर्विल.

आठव्या दिवशी सुंता व्हायला हवी असं मावशींनी सांगितलं. बाबाजीभाऊ म्हणाले, येशूचीही आठव्याच दिवशी झाली होती. इसहाक म्हणाला, आमच्यात कुठल्याही दिवशी चालते. दवाखान्याला तर हे काम इतकं रोजचं, की त्यांनी विचारायच्या आधीच तारीख दिली. या एका बाबतीत घरात सगळ्यांचं एकमत होतं, शर्विल सोडून.

भांडण पेटलं ते बाप्तिस्म्यावरून.

बाबाजीभाऊंच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाळक पाण्याचे थेंब शिंपडतात. इथे पाळक नाही, म्हणून त्यांनी नगरच्या पाळकसाहेबांना झूमवर बसवायचं ठरवलं: तिथून ते शब्द म्हणतील, इथे बाप पाणी शिंपडेल. शुक्रवारच्या प्रार्थनेनंतर त्यांनी हे जाहीर केलं आणि धोंडीराम उभा राहिला. धोंडीराम रिगर, म्हणजे क्रेनला अवजड सामान बांधून देणारा. सांगलीकडचा, पूर्वीचा पैलवान, आता येशूचा विश्वासणारा. कॅम्पवर एकटा राहायचा आणि शुक्रवारी प्रार्थनेसाठी व ममताच्या हातच्या मटणासाठी यायचा. त्याचं म्हणणं पडलं, की तान्ह्या पोराला बाप्तिस्मा नसतोच. माणसाने मोठं व्हावं, पश्चात्ताप करावा आणि मग पुरी डुबकी मारावी. थेंब म्हणजे काय, इस्त्री करायची आहे का?

बाबाजीभाऊंनी मान डोलवली. मग झूमच्या बाजूनेही डोलवली.

मावशी आतून मटणाचं पातेलं घेऊन आल्या. धोंडीराम बरोबर बोलतो असं त्या म्हणाल्या. डुबकी ही मुळात आमचीच. आमच्यात तिला तविला म्हणतात. बाया मारतात, धर्मात नवा येणारा मारतो, आणि मन धुवायला आलेली माणसं जुन्या काळी मारायची. तुमचा तो योहान यार्देन नदीत माणसं बुडवत होता, तो काय तुमच्या मिशनने पाठवलेला होता? आमच्यातलाच होता.

धोंडीराम इतका खूश झाला, की त्याने त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं. पण मावशींचं संपलं नव्हतं. त्यांनी विचारलं, की त्याने स्वतः डुबकी कशी मारली. कालव्यात, तो म्हणाला, पाळकांनी धरून. अंगावर काय होतं? शर्ट आणि फुलपँट. बोटात ही अंगठी? होती. गळ्यात दोरा, मनगटावर घड्याळ? घड्याळ वॉटरप्रूफ होतं, असं धोंडीरामने सांगितलं.

"अरे बाबा," मावशी म्हणाल्या, "तविलेत अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही येता कामा नये. केसाचा गुंतासुद्धा. तुझे कपडे धुऊन निघाले, तू नाहीस."

धोंडीराम खाली बसला. त्या दिवशी त्याने मटण एकदाच वाढून घेतलं.

बाबाजीभाऊंना वाटलं, भांडण मिटलं. त्यांनी हळूच सुचवलं, की डुबकी असो की थेंब, पाणी तरी आपलं घरचंच आहे. तेवढ्यावर मावशींनी त्यांच्याकडे वळून सांगितलं, की नळाचं पाणी असल्या कामाला चालतच नाही. जिवंत पाणी लागतं. झऱ्याचं, नदीचं, पावसाचं, समुद्राचं.

"आई, हे समुद्राचंच आहे. फक्त मीठ काढलंय."

"पंपाने ओढलं, नळीतून फिरवलं, टाकीत साठवलं. मग ते मेलं."

बाबाजीभाऊंनी तेवढ्यापुरती मान डोलवली. पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना आमच्या दारात थांबून त्यांनी मला विचारलं, की वहिनी, मी इतकी वर्षं मेलेलं पाणी करतोय का? मी म्हटलं, म्हातारीच्या तोंडाला का लागता. पण त्यांना ते लागलं होतं खरं. त्या आठवड्यात पाहुण्यांना त्यांनी काही विचारलं नाही.

सासूला जावयाचं उतरलेलं तोंड दिसलं असावं. मावशींनी तह केला. पाण्याचं तुम्ही काय हवं ते करा, पण त्याआधी माझं एक करू द्या. आईच्या पहिल्या मुलावर देवाचा हक्क असतो. महिना सरला की बापाने कोहेनला, म्हणजे यहुदी पुरोहित घराण्यातल्या माणसाला, चांदीची पाच नाणी द्यायची आणि मूल सोडवून घ्यायचं. कोहेन विचारतो, तुला काय हवं, चांदी की पोरगा? बाप म्हणतो, पोरगा. मग सगळे जेवतात. याला पिद्योन म्हणतात.

त्यांना वाटलं जावई मान डोलवून सोडून देईल. पण बाबाजीभाऊ सोफ्यावर सरळ होऊन बसले. येशूलाही त्याचे आईबाप देवळात घेऊन गेले होते, ते यासाठीच, हे त्यांना माहीत होतं. दरवर्षी ऐकलेली गोष्ट. पण ती गोष्ट आणि आपण दर शुक्रवारी गातो तो 'खंडणी भरून सोडवलं' हा शब्द, यांची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडली नव्हती. रात्रीच्या जेवणाला ते ममताला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. मला वाटायचं ती नुसती बोलायची रीत आहे, म्हणाले. हे लोक तर खरोखर टेबलावर नाणी ठेवून पोरगं सोडवत होते. म्हणून त्यांना तो शब्द सुचला.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाबाजीभाऊ एका बाजूला झाले. पिद्योन करायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लांटवरून इसहाकला फोन लावला. मागे पंपांचा आवाज, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. इसहाकला ऐकू आलं ते असं: इसहाकभाई, शर्विलची खंडणी भरायची आहे, महिन्याची मुदत आहे, चांदी मागतायत, माणूस अजून भेटलेला नाही, कोणाला बोलू नका.

शेवटचं वाक्य घरातली प्रार्थना दाराबाहेर जाऊ न देण्याच्या सवयीने आलेलं होतं. इसहाकने दुकानाचं शटर ओढलं, पाइप मोजत असलेलं गिऱ्हाईक आतच राहिलं, आणि गाडी काढून तो सरळ भिंगारदिव्यांच्या घरी. दार ममताने उघडलं. शर्विल तिच्या खांद्यावर ढेकर देत होता. इसहाकने त्याला हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, की हा परत कधी आला?

सगळं कळल्यावर त्याला घेरी आली. मावशींनी मनुकांचं सरबत पाजलं. मग तो म्हणाला, की आमच्यातही अकीका असतो, मुलासाठी बोकड देतात, म्हणजे पोराला सोडवायला सगळ्यांनाच काहीतरी द्यावं लागतं; फक्त फोनवर दुसरा शब्द वापरत जा. दुकानातल्या गिऱ्हाइकाची आठवण त्याला दुपारच्या नमाजाच्या वेळी झाली. गिऱ्हाईक एक येमेनी प्लंबर होता. त्याने तोवर सगळे व्हॉल्व्ह मापाप्रमाणे लावून ठेवले होते.

चांदीची नाणी मिळाली. कोहेन मिळेना. बेने इस्राएलांत कोहेन नसतातच, हे मावशींनी आता सांगितलं. त्यांच्या लहानपणी कोणाकडे पिद्योन असलं तर मुंबईहून बगदादी यहुद्यांतला कोणी कोहेन बोटीने आणायचे, आणि तो बोट लागून आजारी पडला की दोन दिवस त्याचीच सेवा करावी लागायची. बाबाजीभाऊ अडून बसले: फोनवरून करू. पाळक झूमवर चालतो तर कोहेन का नाही? शेवटी मावशींनी अलिबागच्या म्हाताऱ्या हज्जानला फोन लावला, तो कोणी कोहेन सुचवेल म्हणून. स्पीकर चालू केला. सगळे भोवती बसलो. धोंडीरामही होता, तो हल्ली शुक्रवार नसतानाही यायचा आणि मावशींसमोर गप्प बसायचा.

हज्जानने सगळं नीट ऐकून घेतलं. मुलाची आई आपल्यातली, मूल पहिलं, मुलगा, महिना होत आला. बरोबर आहे, म्हणाला. मग त्याने सहज विचारलं, की बाळंतपण कसं झालं.

"सिझर," मावशी म्हणाल्या.

पलीकडे थोडा वेळ खोकला ऐकू आला. मग तो म्हणाला, "सिपू, मग सोडवतेस कशाला? जो कूस उघडून येतो त्याच्यावर देवाचा हक्क. हा तर खिडकीतून आलाय. हा अडकलेलाच नाही."

ममता आधी हसली, टाके ओढले गेले म्हणून तिने पोट धरलं, आणि पुन्हा हसली. मावशी मात्र उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. त्या पोहे चाळत उभ्या होत्या, काही कारण नसताना. म्हणाल्या, मला हे माहीत असायला हवं होतं. आळीत आता विचारायला बायकाच उरल्या नाहीत, सगळ्या तिकडे इस्रायलात लोदला नाहीतर ठाण्याला. सांगणारं कोणी राहिलं नाही की असं विसरायला होतं. मी त्यांच्या हातातली चाळण घेतली.

बाबाजीभाऊंचंही तोंड पडलं होतं. इतका पक्का झालेला विचार, आणि मूल मुळातच मोकळं.

सगळ्यांचा जीव रमावा म्हणून इसहाकने पुढच्या शुक्रवारी गावाच्या उत्तरेला किनाऱ्यावर सहल काढली. थंडीचे दिवस, दुपार, वारा बेताचा. आम्ही चटई पसरतो न पसरतो तोच धोंडीराम चालत समुद्रात निघाला. अंगात फक्त पोहायची चड्डी. अंगठी, दोरा आणि घड्याळ त्याने माझ्याजवळ ठेवायला दिलं होतं आणि कारण विचारू नका म्हणाला होता. आठवडे झाले, त्याला नीट झोप नव्हती.

पण यान्बूचा तो किनारा प्रवाळाचा. कितीही आत जा, पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. धोंडीराम चालत राहिला, लहान होत गेला, आणि अजून गुडघाभरच. शेवटी कंटाळून तो तिथेच आडवा झाला. पोट बुडालं तर पाय वर. पाय दाबले तर छाती वर. पैलवानी अंग, ते एका वेळी सगळं पाण्याखाली जाईना. तो कुशीवर वळला, पालथा झाला, लोळला.

किनारा रक्षकांची गाडी वाळूवर येऊन थांबली. आतला तरुण शिपाई उतरून बघू लागला आणि त्याने इसहाकला विचारलं, तो माणूस बुडतोय का. इसहाकने सांगितलं, गुडघाभर पाण्यात कसा बुडेल, तो गुस्ल करतोय, म्हणजे पाक व्हायला आंघोळ. शिपायाने कपाळावर हात धरून नीट पाहिलं. इतका वेळ लागतो का? इसहाक म्हणाला, जुनं बरंच साठलंय.

दोघं तिकडे बघत असताना मी इकडे बघितलं. बाबाजीभाऊ शर्विलला घेऊन पाण्याच्या कडेला उकिडवे बसले होते. ममता त्यांच्या शेजारी. त्यांनी फोन काढला नव्हता, कोणाला विचारलंही नव्हतं. ओंजळीत लाटेचं पाणी घेतलं, पोराच्या कपाळावर सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं, आणि ओठांतल्या ओठांत ते शब्द म्हटले. तिसऱ्यांदा थोडं शर्विलच्या तोंडात गेलं. त्याने असं तोंड केलं, की आपल्या बापाचा धंदा कशासाठी आहे हे त्याला तिथेच समजलं असावं.

मावशी चटईवरून सगळं बघत होत्या. मला वाटलं आता नियम निघणार. त्या उठल्या, पदराने पोराचं डोकं पुसलं आणि जावयाला म्हणाल्या, "माझ्या तोंडाचं मनावर घेऊ नका, बाबाजीराव. तुमच्या पाण्यावर माझी पोरगी जगली इथे." बाबाजीभाऊंनी मान हलवली, पण नेहमीसारखी नाही. एकदाच.

धोंडीराम परत आला तेव्हा पाठभर ओरखडे होते आणि चेहरा धुतल्या परातीसारखा. सगळं बुडालं का, असं मावशींनी विचारलं. एक टाच राहिली असेल, तो म्हणाला. टाचेचं चालतं, मावशी म्हणाल्या. ते खरं आहे की नाही हे मी कधी विचारलं नाही.

घरी येऊन मावशींनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची, वर खजूर आणि फळं. एलियाहू नबीच्या नावाने करतात, काही चांगलं झालं की. यासाठी कोहेन लागत नाही, त्यांनी ताट ठेवताना स्पष्ट केलं. त्यांनी इब्रीत आशीर्वाद म्हटला, बाबाजीभाऊंनी मराठीत प्रार्थना केली, इसहाकने बिस्मिल्ला म्हटलं, आणि धोंडीरामने दोनदा वाढून घेतलं.

नगरच्या पाळकसाहेबांना कळवणं भाग होतं. त्यांनी झूमवर सगळं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पाळकाशिवाय झालेला बाप्तिस्मा मंडळी फक्त आणीबाणीत मानते, म्हणाले. तशी काही आणीबाणी होती का?

"साहेब," बाबाजीभाऊ म्हणाले, "सासूबाई आणि धोंडीराम महिनाभर एकाच खोलीत होते."

पाळकसाहेबांनी विचार केला आणि म्हणाले, मग चालेल.

मावशी व्हिजा संपल्यावर अलिबागला गेल्या. धोंडीरामची बदली राबिघला झाली. तिथल्या कॅम्पवर तो आता नव्या लोकांना अंगठी काढायला लावतो असं ऐकते. शर्विल आता दोन वर्षांचा आहे. दुपारी घरची गाणी टाळ्या वाजवून म्हणतो, संध्याकाळी आजीच्या फोनवर तिच्या मागून इब्री आशीर्वाद म्हणतो, आणि आमच्याकडे असला की मी नमाजाला वाकले की माझ्या शेजारी वाकतो. परवा ममता काळजीने म्हणाली, की शाळेत घालताना याच्या धर्माच्या रकान्यात लिहायचं काय, हा तर सगळीकडेच वाकतो. मी बाबाजीभाऊंकडे बघितलं, आता कुठल्या बाजूने मान डोलवतात म्हणून. ते पोराच्या पायातला उलटा बूट काढून सुलटा घालत होते.

"ख्रिस्ती लिही," ते म्हणाले. "वाकणं कुठेही वाया जात नाही."

तेवढ्यात शर्विलने दुसरा बूटही काढून टाकला आणि तो अनवाणीच आमच्या घराकडे पळाला.